वड्याखालचा नकाशा

साहेबांनी माझा नकाशा टेबलावर पसरला आणि त्याच्यावर वडे ठेवले.

गरम वडे. बाजारातून आणलेले, पिशवीतून तेल गळत होतं. टेबल खराब होऊ नये म्हणून साहेबांना खाली काहीतरी घालायचं होतं. माझ्या हातात खाकी कागदाची गुंडाळी होती, ती त्यांनी ओढून घेतली. बघितलंसुद्धा नाही. समोर पुण्याहून नवीन सॉफ्टवेअर बसवायला आलेले दोघं बसले होते. एक दाढीवाला, एक चष्मेवाला. त्यांना आग्रह चालला होता, घ्या हो, महाडचे वडे आहेत.

मी म्हटलं, "साहेब, तो नकाशा आहे."

"कसला नकाशा?"

"आपल्या कारखान्याचा. कोण काय काम करतं, कशावर करतं, कुठली माहिती कुठून कुठं जाते, त्याचा."

साहेब हसले. दाढीवाल्याकडे बघून म्हणाले, "हिचा बाप इथं झाडू मारायचा. कागद गोळा करायची सवय घरातलीच आहे."

दाढीवाला हसला. चष्मेवाला हसला नाही, पण वडा त्यानंही उचलला. मग साहेब मला म्हणाले, "जाताना कप घेऊन जा गं."

आणि मी घेतले.

हे सांगायची लाज वाटते, तरी सांगते. तीन उष्टे कप मी उचलले, आत नेऊन ठेवले, आणि वडे संपल्यावर परत येऊन माझा कागद घेऊन गेले. मी कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. कप उचलणं माझं काम नव्हे. पण बापाचं नाव निघालं की आमच्या घरातली मान आपोआप खाली जाते. चवदार तळ्यापासून दहा मिनिटांवर आमचं घर. तिथलं पाणी कुणी कसं मिळवलं हे मला बालवाडीपासून पाठ. दरवर्षी तिथं जाऊन हात जोडते. आणि इथं कप उचलले. थू माझ्यावर.

त्या कागदावर काय होतं ते आधी सांगायला हवं.

आमच्या कारखान्यात दोनदा नवीन सॉफ्टवेअर आलं आणि दोनदा बसलं. म्हणजे लावलं नाही, बसलंच. खाली. गेटवर एक प्रोग्राम, स्टोअरमध्ये दुसरा जुनाट, लॅबवाले आपल्या एक्सेलमध्ये, आणि माल पाठवणारे सगळे व्हॉट्सॲपवर. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. प्रत्येक वेळी पुण्या-मुंबईहून कुणीतरी यायचं, साहेबांच्या केबिनमध्ये बसायचं, साहेब सांगतील ते लिहून घ्यायचं. साहेब स्टोअरमध्ये शेवटचे कधी गेले होते, देव जाणे.

मी मोबाईलवर एक फुकटचा कोर्स केला. एंटरप्राइझ आर्किटेक्चर. नाव ऐकून दातखीळ बसते, पण गोष्ट साधी आहे. अख्ख्या धंद्याचा आराखडा आधी मांडायचा. कामं कुठली, ती करतं कोण, त्यांना माहिती कुठली लागते, ती कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये राहते, आणि एक काढलं तर दुसरं काय काय पडेल. आपल्याकडे घर बांधताना नाही का आधी बघत, पागोळ्या कुठं पडणार, पाण्याला वाट कुठून? ते न बघता नुसत्या भिंती घातल्या तर पहिल्याच पावसात चूल विझते. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमचं सॉफ्टवेअर का बसतं ते मला कळलं होतं. मला! मग चैन पडेना.

गोणींच्या पॅकिंगचा खाकी कागद घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत एकेका खात्यात जायला लागले. अडीच महिने. प्रत्येक कामाला एक चौकट काढायची, आणि ज्याचं काम त्याची सही त्या चौकटीशेजारी, तारखेसकट. कोर्समध्ये असं काही नव्हतं, हे माझ्या मनाचं. नाहीतर उद्या कुणीही म्हणेल, ही पोरगी काहीही काढते.

स्टोअरचे भिकूकाका पोलादपूरकडचे. कारखान्याइतकेच जुने. त्यांच्या कॉम्प्युटरवर नव्याण्णव नंबरची एक जागा होती. ना रॅक, ना कप्पा. आठ-आठ महिने तिथं एक नोंद नाही. मी विचारलं, हे काय?

काकांनी वर बोट केलं. माळा.

"पावसात पोलादपुरातनं भावाचा फोन येतो. नदी लाल झाली, एवढंच बोलतो. मग मी कुणाची वाट बघत नाय. खालच्या गोणी माळ्यावर. पाणी इथं यायला दोन-तीन तास. तेवढ्यात साहेबाची सही कुठं शोधत बसू गो बाय? नव्याण्णवात टाकतो. पाणी उतरलं की परत खाली."

कारखाना पुरातून वाचायचा तो एका फोनवर आणि या एका नंबरवर. कुठल्याच फायलीत हे नव्हतं. मी चौकट काढली. म्हटलं, काका, इथं सही करा.

"माझी सही कशाला?"

"काम तुमचं आहे ना."

काकांनी शर्टाला हात पुसले आणि मन लावून सही केली. मग ती बराच वेळ बघत राहिले.

तोच कागद. त्याच्यावर वडे.

त्या संध्याकाळी घरी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "कागदच होता ना? नोकरी हाय तोवर गप ऱ्हा. मी मान खाली घातली म्हणून तू शिकलीस."

मी म्हटलं, "मग शिकून पण मी खालीच घालू?" मी जेवले नाही.

पुढच्या आठवड्यात पुण्याच्या त्या दोघांनी यादी काढली. जुन्या सॉफ्टवेअरमधल्या निकामी जागा, नव्यात न्यायच्या नाहीत. तिसराच नंबर नव्याण्णव. मी साहेबांना मेल केला, हा काढू नका, पावसात लागतो, स्टोअरमध्ये विचारा. उत्तर एका ओळीचं आलं. "ऑपरेटरने मत देऊ नये."

आणि यादीतल्या जागा पुसायचं काम कुणाला? मलाच. मी पुसल्या. नव्याण्णवसुद्धा. माझ्याच बोटानं. कप उचलले तसंच. नंतर सर्व्हरला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. माझा पेढा मी कागदात गुंडाळून तसाच ठेवून दिला.

आषाढात पोलादपुरातून फोन आला. नदी लाल झाली. काकांनी नेहमीसारख्या गोणी माळ्यावर चढवल्या आणि नोंद करायला बसले. नंबर घालतात, कॉम्प्युटर घेत नाही. परत घालतात, घेत नाही. शेवटी खिशातल्या डायरीत लिहून ठेवलं. पाणी आलं, गुडघाभर चिखल ठेवून गेलं. एक गोण भिजली नाही.

तिसऱ्या दिवशी मोजणी झाली. नव्या सॉफ्टवेअरप्रमाणे खालच्या रॅकवर माल हवा होता, तो नव्हता. शोधल्यावर माळ्यावर सापडला. काका डायरी दाखवत होते, कुणी हातात घेईना. साहेब म्हणाले, "सिस्टीममध्ये माळा नाहीच. म्हणजे लपवलेला माल आहे हा."

दुपारी पाळी सुटताना गेटवरच्या टेबलापाशी काकांना उभं केलं. सगळ्यांसमोर पिशवी उपडी केली. डबा उघडला. आत अर्धी भाकरी, ठेचा, आणि नातवासाठी घेतलेली बिस्किटं. साहेबांनी पेनाच्या टोकानं भाकरी उलटवून बघितली. भाकरीखाली काय, गोण असणार होती?

काका माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटत असणार, आपण तर हिच्या कागदावर सही केली होती.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. साहेबांचा राग आलाच, पण त्याहून जास्त माझा आला. नंबर मी पुसला होता.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून मालकीणबाई आल्या. साहेब, पुण्याचे ते दोघं, सगळे मीटिंगच्या खोलीत. मी कपाटातून नकाशा काढला आणि न विचारता आत गेले. साहेबांनी वर बघितलं.

"बरं झालं आलीस. आधी हे कप उचल."

"नाही उचलणार."

आवाज माझाच होता, पण मलाच ओळखू येईना. टेबलावरचे कप मी हातानं बाजूला सरकवले, एक सांडला, सांडू दिला. नकाशा उलगडला. तेलाचे चार डाग, गोल गोल. डाव्या कोपऱ्यात माळ्याची चौकट, नव्याण्णव नंबर, शेजारी भिकूकाकांची सही. तारीख पूर येण्याच्या कितीतरी आधीची.

मालकीणबाईंना सगळं सांगितलं. फोन, नदी, माळा, नंबर. नंबर कुणी पुसला तेही सांगितलं, आणि कुणाच्या हुकमावरून, तो मेल दाखवला. त्यांनी पुण्याच्या दोघांकडे बघितलं. चष्मेवाला हळूच म्हणाला, "मॅडम, असं काही आम्हाला आधी मिळायला हवं होतं."

मी म्हटलं, "मिळालं होतं. तुम्ही त्याच्यावरचा वडा खाल्लात."

कुणी हसलं नाही.

काकांवरचा आळ गेला. तोंडी. काका त्या दिवसापासून कामावर आले नाहीत. मी पोलादपूरला जाऊन आले. अंगणात सुतळी वळत बसले होते. म्हणाले, "चोर नाय असं आता बोलतात, ते बंद खोलीत. डबा तर रस्त्यावर उघडला होता ना गो?" नंबर मी पुसला हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ठाव हाय." आणि सुतळी वळत राहिले.

आता सॉफ्टवेअर पुन्हा मांडणार आहेत. नकाशा हवाय. साहेबांचा आवाज मऊ झालाय. "कंपनीच्या नावानं नीट टाईप करून दे, तुला कायम करू." सह्या काढून टाकायच्या म्हणे, बरं दिसत नाही. परवापासून चार फोन आले. बाबा म्हणतात, दे की. मला एका जागी बसवत नाही. अंगणातून घरात, घरातून अंगणात.

मी लेखी कळवलंय. कायम करा किंवा काढा. सह्या निघणार नाहीत. ज्याची चौकट त्याला विचारल्याशिवाय एक रेघ हलणार नाही. आणि नकाशा केबिनमध्ये उघडणार नाही. गेटवरच्या त्याच टेबलावर उघडेन, पाळी सुटताना, सगळ्यांसमोर. साहेबांनी तिथं भिकूकाकांची माफी मागायची. काका खुर्चीवर बसलेले असतील, मी त्यांच्या शेजारी. तोवर कागद माझ्या घरात आहे, आणि माझ्या हातात कुणाचा उष्टा कप यायचा नाही.