सहावा सोमवार

आमच्या घराण्यात व्यायामाची परंपरा नाही. वडील रोज पहाटे फिरायला जात, पण ते दूध आणायला. दूधवाला दारात यायला लागला आणि तेही बंद झालं. त्यामुळे पंचेचाळिशी उलटल्यावर मी एके दिवशी जेवताना "नाशिक ते गोवा सायकलवर जाणार आहे" असं जाहीर केलं, तेव्हा बायकोनं आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मग भाकरी वाढली.

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. दादा आणि वहिनी आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. वहिनीच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तिला एका धर्मादाय रुग्णालयात डायलिसिसला न्यावं लागे. तिथं मशिनं दोनच. त्यातलं एक रुसलं की सगळ्यांचे नंबर पुढं ढकलले जायचे. वहिनीचा नंबर हुकला की तिचे पाय सुजत, धाप लागे आणि बोलणं थांबे. एरवी कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून बोलणारी ही बाई. ती गप्प झाली की आमच्या घरात कुणाला घास गिळवत नसे. तिसरं मशीन आलं असतं तर हे टळणार होतं. म्हणून आमच्या सातपूरच्या कंपनीतल्या काही जणांनी ही सायकलवारी काढली. प्रत्येकानं ओळखीच्यांकडून देणग्या जमवायच्या, पावत्या फाडायच्या आणि गोव्यापर्यंत पॅडल मारायचं.

वहिनीनं परवानगी दिली, पण एका अटीवर.

"भावजी, पडायचं तर खुशाल पडा. पण माझं नाव कुठं घ्यायचं नाही. जिन्यात भेटणाऱ्या बायका आधीच माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागल्यात."

मी शब्द दिला.

सरावासाठी त्र्यंबक रोड ठरला. आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. पहिल्या सोमवारी मेहुण्याची गिअरची सायकल घेऊन निघालो. गिअर कसे टाकायचे हे मेहुण्यानं सांगितलं होतं, ते मी शहराबाहेर पडायच्या आत, पपया नर्सरीपर्यंतच विसरलो. पुढचा सगळा रस्ता सर्वांत जड गिअरमध्ये मारला. अंजनेरीच्या आसपास कांद्याच्या पोत्यांवर बसलेल्या एका माणसानं टेम्पोतून ओरडून विचारलं, "काय भाऊ, लय दमले काय? टाका वर सायकल!" मी नकार दिला, तो केवळ तोंडातून होकार निघण्याइतका श्वास उरला नव्हता म्हणून.

एवढं त्र्यंबकेश्वरला पोचल्यावर देवाचं दर्शन न घेता परतणं मनाला पटेना. मग दरवेळी दर्शन, कपाळाला गंध, बायकोसाठी पेढे. दुपारी घामाघूम, दाढी वाढलेला, गंध ओघळलेला असा मी सोसायटीच्या फाटकातून सायकल ढकलत आत यायचो. वर चढून बसण्याचं त्राण नसायचं.

देणग्यांचं मात्र काही खरं नव्हतं. सोसायटीत मशिनची माहिती देणारी पत्रकं वाटली. लोकांनी ती वाचली असावीत, कारण एका घरात आमच्या पत्रकावर भजी मांडून मलाच दिली. "गोव्याला चाललात? मजा आहे बुवा," असं म्हणून लोक दार लावून घेत. वहिनीचं नाव घेतलं असतं तर दारं उघडली असती, हे मला ठाऊक होतं. पण शब्द दिला होता.

असाच एकदा फाटकातून येत असताना खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "भाऊ, कितवा सोमवार?"

मला भरून आलं. कुणीतरी माझ्या सरावाची दखल घेत होतं.

"सहावा, काकू."

"बाई गं! आणि आज काही खाल्लंय का?"

"सकाळी दोन केळी. बास."

"केळी चालतात," काकू गंभीरपणे म्हणाल्या. "अजून दहा राहिले. होतील हो, निभावून नेईल तो."

दहा कसले, हे मला कळलं नाही. पण वादासाठी फुप्फुसात हवा लागते. संध्याकाळी काकू पाकीट आणि नारळ घेऊन आल्या. पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरच्या, मग समोरच्या विंगेतल्या. आठवड्याभरात आमच्या शोकेसवर पाकिटांची चळत लागली. कुणात एक्कावन्न, कुणात एकशे एक. देवघरापुढं नारळांचा ढीग. मी बायकोला म्हटलं, "बघ. चिकाटीला लोक मान देतात." नारळांचं कोडं होतं, पण सायकलवाल्याला नारळपाणी चांगलं असतं असं काहीतरी मी मनाशी जुळवून टाकलं.

पावतीपुस्तक घेऊन काकूंकडे गेलो, तेव्हा त्या दोन पावलं मागं सरकल्या.

"अहो, देवाच्या पैशाची पावती फाडतात का कुणी?"

"देवाच्या?"

"तुम्ही वहिनींसाठी सोळा सोमवार धरलेत ना? त्र्यंबकराजाच्या पायाशी ठेवा म्हणून दिलेत सगळ्यांनी. बायकोसाठी करणारे पाहिलेत, पण वहिनीसाठी सायकलवर... दीर असावा तर असा, म्हणतात सगळ्या."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती आधी ओट्याला धरून हसली, मग तिचा चेहरा उतरला. "वहिनींना कळलं तर?"

वहिनीला कळलं होतं. भाजीवालीनं तिला जुडीवर मेथीच्या चार काड्या जास्त घातल्या होत्या आणि म्हटलं होतं, "होतील बऱ्या, ताई. दीर एवढं करतोय."

वहिनी वरच्या मजल्यावरून खाली आली. दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भावजी, माझ्यासाठी कडक उपास चाललेत म्हणे तुमचे? पोटाकडं बघून वाटत नाही तसं."

मी हसायला लागलो. ती हसली नाही. शोकेसवरच्या पाकिटांकडे बघत राहिली. मग तिनं ती उलटी करून पाहिली. मी कधी न पाहिलेल्या मागच्या बाजूला प्रत्येकावर तिचं नाव होतं, पुढं 'सौ.' लावून, खाली हळदकुंकवाचं बोट टेकवून.

"एवढ्या बायका माझ्याविषयी बोलतायत," ती म्हणाली. धाप नसतानाही आवाज बारीक झाला होता.

"सगळं परत करतो, वहिनी. आजच्या आज."

"आणि मशीन?"

आदल्याच आठवड्यात तिचा नंबर पुन्हा हुकला होता. बसून काढलेल्या त्या रात्री आम्हां दोघांनाही आठवत होत्या.

तिनं पाकिटांची चळत पुन्हा नीट लावली. मग बायकोला म्हणाली, "उद्या दुपारी सगळ्यांना चहाला बोलव. बोलायचं ते मी बोलेन."

दुसऱ्या दिवशी बायका आल्या आणि हळू आवाजात बोलत बसल्या. वहिनीला पाणी मोजून प्यावं लागे, त्यामुळे तिच्यापुढं चहा नव्हता.

"हे बघा," तिनं सुरुवात केली, "भावजींचा नवसबिवस काही नाही. ते त्र्यंबकला आंघोळ न करता जातात."

बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"हा सराव आहे. गोव्याला जायचंय, डायलिसिसच्या मशिनसाठी." तिनं पदर सारखा केला. "ते मशीन मला हवंय. नंबर चुकला की मला श्वास पुरत नाही. मी कुणाला सांगत नव्हते. आता सांगतेय. पैसे परत हवेत त्यांनी घेऊन जा, मला राग नाही. राहू द्यायचे तर मशिनला राहू द्या."

काकू चाचरत म्हणाल्या, "तसं नाही गं. पण देवाला म्हणून बाजूला काढलेले आम्ही. ते दुसरीकडं कसे वळवायचे?"

"एक्कावन्नातला वरचा एक कुणाचा?" वहिनीनं विचारलं.

"देवाचा."

"मग तो देवाला जाईल. पन्नास मशिनला."

"एकच?" समोरच्या विंगेतल्या बाई म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या देवाला? पाच तरी ठेवा."

"पाच गेले तर मशिनची सुई कशानं घेऊ?"

"बरं, एक. पण नारळ सगळे तिथंच."

"नारळ सगळे तिथंच," वहिनी म्हणाली. देव आणि मशीन यांच्यात असा तोडगा निघाला. बायका निघाल्या तेव्हा जिन्यातून त्यांचा नेहमीचा मोठा आवाज ऐकू येत होता. त्यातल्या दोघींनी आपापल्या माहेरी निरोप धाडले आणि पुढच्या पावत्या मला पार देवळा तालुक्यापर्यंत पोचवाव्या लागल्या.

पुढच्या सोमवारी मी आंघोळ करून निघालो. मागं नारळांचं पोतं बांधलेलं, खिशात रुपयांची नाणी. चढावर सायकल मला ओढत होती की मी तिला, सांगता येत नाही.

गोव्याच्या वारीबद्दल मी फार सांगत नाही. पोचलो. एक घाट टेम्पोत बसून चढलो, हे सोबतचे लोक सांगतातच.

तिसरं मशीन बसलं. नंबर नव्यानं लावताना वहिनीला दुपारची वेळ मिळाली. पहाटेच्या थंडीत रिक्षानं जायचा तिला वैताग होता, त्यामुळे ती खुशीत होती. पण पहिल्याच दिवशी पहाटेचा नंबर लागलेली हरसूलकडची एक बाई तिथं रडवेली उभी दिसली. "मला पहाटंची बस नाय ना, ताई. आदल्या दिशी येऊन इथं पायरीवर झोपावं लागंल."

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ती नर्सला म्हणाली, "लिहा. पहाटेचा मला, दुपारचा यांना."

परतताना रिक्षात तिनं माझा जीव खाल्ला. "आता थंडीचं मरण माझ्या नशिबी. आणि पहाटे न्यायला तुमचे दादा काही उठायचे नाहीत."

"मी येईन, वहिनी."

"याच. आणि आंघोळ करून या."