पदराची किल्ली

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा क्वार्टरांच्या दोन लाइनींना मिळून एकच नळ होता. पाणी भरायला जाताना बाया घराचं दार उघडंच टाकत. त्या उघड्या दारांचा मला राग येई. माझ्या एकोणीस वर्षांच्या लेकीच्या डोक्यात बिघाड झाला होता. दार उघडं दिसलं की ती पळायची. म्हणून मी कुलूप लावून, पदराला किल्ली बांधून यायची.

पलीकडच्या लाइनीतल्या एका बाईच्या पदरालाही किल्ली होती. माझी किल्ली पाहून तिनं हळूच विचारलं, "पोरगा का पोरगी?"

"पोरगी."

"माया पोरगा हाये. आत्ता झोपून हाये. तू पह्यले भर."

मग रोजचंच झालं. जिचं लेकरू जागं, तिचा हंडा पुढं. दोघीही इतक्या थकलेल्या, की नावं विचारायची राहूनच गेली.

एका सकाळी तिच्या पदराला किल्ली नव्हती. मी माझा हंडा मागं ओढला. तिनं तो पुन्हा नळाखाली सरकवला.

"तूच भर, बाई," ती म्हणाली. "मले आता घाई नाई."