मामांचं बिनपानांचं पुस्तक

माझे मामा बाइंडर. उभं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांची पुस्तकं बांधली आणि स्वतः एकही पुरतं वाचलं नाही, हे ऐकून लोक हसतात. हसणाऱ्यांनी एकदा त्यांच्या दुकानात उभं राहून बघायला हवं होतं. छापखान्यातून कागद आला की दुमडा, शिवा, कण्याला खळ लावा, पुठ्ठा चढवा आणि शिकंज्यात घालून दांडा आवळा, की झालं पुस्तक. दुमडताना एखादं पान डोळ्यांखालून जायचं, तेवढंच वाचन. "दुकान बंद केलं की निवांत वाचणार," असं म्हणत मामा आवडलेल्या पुस्तकाची एक प्रत घरी आणायचे. मामी म्हणायची, "माणसांना पाय पसरायला जागा नाही, पुस्तकं मात्र ऐसपैस झोपलीत."

दुकान बंद केलं आणि त्याच वर्षी डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, मधली नजर हळूहळू जाईल, कडेची राहील. म्हणजे दार दिसेल, पण दारात उभं असलेल्याचा चेहरा दिसणार नाही. मामांनी घरी येऊन सगळ्यांत जाड कादंबरी काढली, भिंग घेतलं आणि दोन पानांत कपाळ धरून बसले. दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे होते तर दात चालले होते. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. कोणावर, ते विचारू नका.

मग मी ईबुक रीडर घेऊन आले. मोबाईलचा उजेड त्यांना सोसत नव्हता. याचा पडदा कागदासारखा, चकाकी नाही. मामांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"याला कणाच नाही."

"नसू दे. अक्षर बघा केवढं मोठं होतं. आणि तुमची सगळी कपाटं यात मावतील."

"हलका आहे, ते खरं," मामा म्हणाले. "पण किती वाचलं नि किती राहिलं, ते अंगठ्याला कसं कळणार?"

"कोपऱ्यात टक्के येतात."

"टक्के परीक्षेत बघायचे असतात गं. बरं, शेजाऱ्याला वाचायला द्यायचं झालं तर?"

"अख्खा रीडरच द्यावा लागेल."

"म्हणजे एक पुस्तक उसनं द्यायचं तर सगळं कपाट उचलून द्या. मजाच आहे."

एवढी नावं ठेवली, पण ती जाड कादंबरी त्यात आहे म्हटल्यावर त्यांनी तो माझ्या हातातून काढूनच घेतला. दुसऱ्या दिवसापासून खिडकीपाशी खुर्ची टाकून वाचन सुरू झालं. जेवताना ते मामीला पुढची गोष्ट सांगायचे, आणि मामीही भाजी वाढायची विसरायची. अक्षर मात्र सतत वाढवावं लागत होतं. पडद्यावर आधी निम्मं पान मावायचं, मग चार ओळी. मामा पान उलटायचा वेग तेवढा वाढवायचे. आपल्याला डोळ्यांच्या आधी पोचायचंय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

निम्मी कादंबरी झाली आणि घात झाला. रीडर गुळगुळीत, हातातून निसटायचा, म्हणून मामांनी त्याला कापडी बांधणी करायचं ठरवलं. या कामाला त्यांना डोळे लागत नव्हते. पुठ्ठा कापला, खळ लावली, कापड दुमडलं, रीडर आत बेताने बसवला. आणि मग हातांनी जन्मभर जे केलं तेच केलं. दोन फळ्यांमध्ये ठेवून शिकंजा आवळला, घट्ट, आणि वाळायला ठेवून ते जेवायला उठले.

बांधणी अशी सुरेख झाली होती, की काय सांगू. आतल्या पडद्यावर काळ्या रेघांचं जाळं पसरलं होतं.

"दैव देतं आणि कर्म नेतं," मामी हळूच म्हणाली. मामा आपल्या हातांकडे बघत बसले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

दुसरा रीडर यायला दीड महिना लागला. दुकानवाला रोज उद्याचा वायदा करायचा. तोवर मी वाचून दाखवते म्हटलं. एक प्रकरण त्यांनी ऐकून घेतलं. "छान वाचतेस," मामा म्हणाले, "पण हे तुझं वाचन झालं. मला एक तरी पुस्तक माझ्या डोळ्यांनी संपवायचं होतं." मी पुस्तक मिटलं. माझ्याशी बोलताना ते आता मान तिरकी करायला लागले होते.

नवा रीडर आला तेव्हा मामा सकाळपासून अंघोळ करून खुर्चीत बसले होते. मी कादंबरी नेमकी त्यांच्या जागेवर उघडली, अक्षर होईल तेवढं मोठं केलं आणि तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी रीडर जवळ धरला, लांब धरला, खिडकीकडे तिरपा केला. बोटाने पान उलटलं. पुन्हा उलटलं.

"कडा दिसतात," ते म्हणाले. "मधे सगळं कोरं. हाही बिघडलेलाच आलाय."

पडद्यावर बोटभर उंचीचे तीन शब्द होते, काळे कुळकुळीत. मामीने माझ्याकडे पाहिलं आणि ती पदर तोंडाशी धरून आत निघून गेली.

"हो मामा," मी म्हणाले. "बिघडलेलाच दिलाय मेल्याने. बदलून आणते."

"लवकर आण," मामा म्हणाले. "अजून निम्मी राहिलीये."