ओठ मिटा

आमची मुलगी गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली, आणि माझी बायको अजून रडलेली नाही. हे कोणाला सांगितलं की लोक म्हणतात, वहिनी फार खंबीर आहेत हो. त्या शब्दाची मला इतकी चीड आलीय की समोरच्याचा पाणउतारा करावासा वाटतो, आणि एकदोनदा केलाही आहे.

मुलगी मिहानमधल्या एका आयटी कंपनीत नोकरीला होती. एकुलती एक. डेंग्यूचं निमित्त झालं आणि पाच दिवसांत खेळ आटोपला. तिला घरी आणलं तेव्हापासून बायकोचे डोळे कोरडे. आमच्याकडे असं कोणी गोठून बसलं की बाकीच्या बायका तिला मुद्दाम रडवतात. बघणाऱ्याला ते क्रूर वाटेल, पण त्यांना ठाऊक असतं त्या काय करताहेत ते. बायकोची मोठी बहीण गावाहून आली होती. ती हिला दोन्ही खांद्यांना धरून हलवत होती. "रड वं बाई, रड. अशी काहून बसून राहिली? मोकळी होय." तिने मुलीचा दुपट्टा आणून हिच्या मांडीवर ठेवला, मुलीच्या नावाने हाका मारल्या. बायकोने दुपट्ट्याची नीट घडी घातली आणि विचारलं, "ताई, तू चहा घेतला का?"

तेरवीपर्यंत बहिणीने नाना प्रयत्न केले. निघताना दारात मला म्हणाली, "भाऊजी, हिचं रडणं अंदरच अडकलं. काहीबी करा, पण हिले रडवा." तेव्हापासून माझ्या आयुष्यात तेवढं एकच काम उरलं आहे.

मी सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो, पण कॉलनीत मला ओळखतात ते प्राणायामवाले सर म्हणून. वीस वर्षं देवळाच्या सभागृहात सकाळी सहाला वर्ग घेत आलो, फुकट. फुकट असल्यामुळे लोकांना टाकून बोलायचा हक्क माझ्याकडे. तसा मी बोलतोही. माझी एकच गोष्ट लोक मानतात, ती म्हणजे माझा कान. चाळीस माणसं डोळे मिटून बसली असताना कोणाचा श्वास तुटतोय, कोण चोरून तोंडाने घेतोय, हे मला बसल्या जागी कळतं. मग उठायचं, त्याच्यामागे जाऊन खांद्यावर दोन बोटं ठेवायची आणि हळूच म्हणायचं, ओठ मिटा, नाकाने घ्या. माणूस लगेच ताळ्यावर येतो. बायको पहिल्या दिवसापासून वर्गात, शेवटच्या रांगेत. तिथे मी तिलाही इतरांसारखंच अहो-जाहो करायचो. वर्गात कोणी बायको नाही आणि कोणी मेव्हणा नाही, असा माझा तोरा.

गेल्या वर्षी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. तिशीची मुलगी, आयटीतली नोकरी सोडून आता काहीबाही शिबिरं घेते. अमरावती रोडवर वाडी गावाच्या पुढे कोणाचं तरी फार्महाऊस आहे, तिथे दर महिन्याच्या एका रविवारी तिची 'ककाओ सेरेमनी' असते. तीत श्वासाचा भाग मी घ्यावा असं तिचं म्हणणं.

"म्हणजे कोको पिऊन प्राणायाम?"

"ककाओ, सर. कोको वेगळा राहते. हे पूर्ण बी वाटून करते."

"पोटात काही ढकलून श्वासाला बसायचं, हे तुला कोणी शिकवलं? मी?"

ती हसली. माझ्या रागाची तिला सवय होती. "सर, थोडंसंच राहते. पण ते पिऊन श्वास घेतला ना, की लोक जाम रडतात."

पुढे जे काही झापणार होतो ते मी गिळलं. "कोण रडतं?" मी विचारलं.

"सगळेच. मागच्या वेळी एक सीए इतके रडून राहिले होते, थांबतच नव्हते."

मी हो म्हणालो. अटी घातल्या, नाहीतर मी मी कसला? जोराचे प्रकार घ्यायचे नाहीत, श्वास कोंडायचा नाही. त्या पेयाने तसंही काळीज धडधडतं, त्यात ज्याला बीपी आहे त्याने काय करायचं? फक्त अनुलोम-विलोम आणि भ्रामरी. तिचीही एक अट होती. "सर, इथे कोणाले करेक्ट नका करू हं. आवाज निघाला, तोंड उघडलं, तरी हात लावायचा नाही. जे निघते ते निघू द्यायचं." मी म्हटलं, अगं, मला कळतं.

पहिल्या तीन वेळा एकटाच गेलो. आधी खात्री करून घ्यायची होती. मधे झेंडूच्या पाकळ्या आणि मेणबत्त्या, भोवती गोल करून वीसेक माणसं. प्रत्येकाने कप छातीशी धरून मनात संकल्प करायचा आणि ते तपकिरी, कडू, दालचिनी घातलेलं दाट पाणी घोटघोट प्यायचं. मग मी. दहा मिनिटांतच कोणी ना कोणी फुटायचं. एक आडदांड गृहस्थ, हातात चार अंगठ्या, चटईत तोंड खुपसून आईला हाका मारत होता. कोणाचेही ओठ मिटलेले नव्हते. मी हात मांडीखाली दाबून बसून राहिलो. खरं सांगायचं तर मला त्या सगळ्यांचा हेवा वाटला. एवढं सोपं असतं का हे? मग आमच्याच घरात का नाही?

चौथ्या वेळी बायकोला घेऊन गेलो. "मले कशाले?" ती म्हणाली. मी म्हटलं, चॉकलेटसारखं काहीतरी पितात, चल तर. ती साडी बदलून आली. या दोन वर्षांत तिने कशालाच नाही म्हटलेलं नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त खातं.

ती गोलात नीट पाठ ताठ करून बसली. कप दोन्ही हातांत धरून सगळं प्यायली, वाया घालवायचं नाही म्हणून. अनुलोम-विलोम झालं. भ्रामरी सुरू झाली. कानांवर अंगठे, डोळ्यांवर बोटं, आणि वीस माणसांचा गुणगुणता आवाज. तिसऱ्या आवर्तनात तिचा आवाज चिरला. मी डोळे उघडले. तिचे हात खाली आले होते, तोंड उघडलं होतं आणि आतून काहीतरी वर येत होतं, तुटत, अडखळत. तसा आवाज मी तिच्या बाळंतपणातही ऐकला नव्हता. दीड-दोन वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो ते माझ्यापासून पाच हातांवर सुरू झालं होतं.

आणि मी उठलो. माझे पाय आपोआप उठले असं लिहायचा मोह होतोय, पण पाय आपोआप उठत नाहीत. अंधार नव्हता, ती कोण आहे हे मला माहीत होतं. मी तिच्यामागे गेलो, खांद्यावर दोन बोटं ठेवली आणि म्हणालो, "ओठ मिटा. नाकाने घ्या."

तिने मिटले. एक लांब श्वास नाकाने घेतला, तितकाच लांब सोडला, हात पुन्हा कानांवर नेले आणि पुढचं आवर्तन बिनचूक केलं.

ती शिबिरवाली मुलगी पलीकडून माझ्याकडे पाहत होती. बाकीची माणसं आपापलं रडत राहिली. मी जागेवर येऊन बसलो आणि शेवटपर्यंत आवर्तनं मोजत राहिलो.

परतताना वाडीत ट्रकांमध्ये अडकलो. भर दुपारची वेळ, पुढे मागे ट्रक, गाडी हलेना. धीर करून मी म्हणालो, "माझं चुकलं वं."

"काय?"

"तू रडून राहिली होती. मी मधातच तुले अडवलं."

ती समोरच्या ट्रकची ताडपत्री पाहत होती. "दवाखान्यात बी तुम्ही असंच केलं होतं," ती म्हणाली. रागाने नाही. घरातली साखर संपली हे सांगावं तशा आवाजात.

मला आठवलं. म्हणजे मी ते विसरलोच नव्हतो, त्याच्याकडे या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी मान हलवली, आणि हिने तोंड उघडलं. मी तिचा खांदा धरला आणि म्हटलं, नाही, ओरडायचं नाही, नाकाने श्वास घे, लांब घे. तिने घेतला. पुढे तेरवी झाल्यावर मी वर्गात हे सांगितलंही होतं. मोठ्या अभिमानाने. प्राणायामाचा उपयोग काय म्हणून विचारता, म्हटलं, एवढं झालं पण आमच्या घरात हंबरडा फुटला नाही. चाळीस माणसांनी माना डोलावल्या. ती शेवटच्या रांगेत बसून ऐकत होती.

गावाहून आलेली ती बिचारी बहीण तेरा दिवस हिला हलवत होती, आणि हिच्या रडण्यावर झाकण लावून बसलेला माणूस, म्हणजे मी, शेजारच्या खोलीत पाहुण्यांना पाणी देत होता.

वर्ग मी बंद केला. लोकांना गुडघ्यांचं कारण सांगितलं. शिबिरालाही मी आता जात नाही, पण बायकोला पाठवतो. मी नसलो तर होईल, अशी एक वेडी आशा होती. चार वेळा ती एकटी जाऊन आली. दर वेळी त्या रविवारी मी दुपारभर घरात येरझारा घालतो आणि रिक्षा थांबली की आधी तिचे डोळे बघतो.

परवाच्या रविवारी ती परत आली आणि पाठोपाठ त्या मुलीचा फोन आला. "सर, काकू काय श्वास घेतात! सगळे रडून राहिले होते, अन् त्या एकट्या इतक्या शांत. मी सगळ्यांना म्हटलं, काकूंकडे बघा, याले म्हणतात साधना." मी थँक यू म्हणालो. ती आता कधी रडेल असं मला वाटत नाही.

फोन ठेवला तेव्हा बायको दारात उभी होती. "काय म्हणे ते पोरगी?"

"तू श्वास खूप चांगला घेते म्हणे."

"मग? तुम्हीच शिकवला ना," ती म्हणाली, आणि कुकर लावायला आत गेली.