लाछूच्या डोक्यावरचं छत

शाळेत बाकावर बसली की लाछूच्या टाचा नाचायला लागायच्या. पेन्सिल पडायची, ती उचलताना पाटी पडायची, आणि मान सारखी वर. नटूभाई मास्तर फळ्यावर पाढा लिहायचे नि ही छताकडे बघत राहायची.

"काय गं, वरून देव उतरतोय का?" मास्तर विचारायचे. वर्ग खिदळायचा. लाछूला ना हसू यायचं, ना पाढा.

घरी मात्र हीच पोर आईशेजारी भरतकामाला बसली की आरसे कुठल्या क्रमाने लावायचे ते एकदा बघून लक्षात ठेवायची. म्हणून आई, कंकू, म्हणायची, "मास्तरालाच शिकवता येत नाही." मास्तर म्हणायचे, "पोरीचं डोकंच रिकामं." दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते, हीच तर गंमत.

कच्छात धरणी हलली तेव्हा लाछू चार वर्षांची, भचाऊला मावशीकडे गेलेली. मावशीचं घर स्लॅबचं, पक्कं. काय तोरा होता तिला! ते घर क्षणात बसलं. लाछूला दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. मावशी गेली. लाछूच्या अंगावर नुसते ओरखडे. वस्तीवर परतली, रोटला खाल्ला, बकरीमागे पळाली. "लेकरू आहे, विसरलं," सगळे म्हणाले, आणि सगळ्यांनाच बरं वाटलं. वस्तीतली मेघवाळांची मातीची गोल, गवताने शाकारलेली घरं, ज्यांना तिकडे भुंगा म्हणतात, तशीच उभी होती. त्यात पोर सुखानं झोपायची. वस्तीत स्लॅब एकच, नव्या शाळेचा. पण त्याचा विचार कोण करतो?

शेवटी मास्तरांनी भुजच्या दवाखान्यात तपासणी ठरवली. डॉक्टरनी मंद म्हटलं, की लाछूची रवानगी राजकोटला, तसल्या मुलांच्या वसतिगृहात.

"मा, ते राजकोटचं घर किती मजल्यांचं आहे?" लाछूनं बसमध्ये विचारलं.

"तीन म्हणतात. गप बस, अजून काय ठरलंय!"

भुज येईपर्यंत लाछू आईचा पदर पिळत राहिली.

डॉक्टर पन्नाबेननी दार लावून घेतलं, ठोकळे मांडले. "सात आणि आठ किती?" लाछू पंख्याच्या हुकाकडे बघत होती. ठोकळे घरंगळले. इतक्यात रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला, तावदानं थरथरली, आणि पोर दार उघडून पसार!

अंगणातल्या लिंबाखाली सापडली. पन्नाबेन रागावल्या नाहीत. खाली बसून त्यांनी कंकूला विचारलं, "घरीही अशीच वर बघते?"

"घरी वर काय आहे बघायला? गवत."

"घर पक्कं नाही?"

"आमचं कुठलं पक्कं, बेन? पक्कं माझ्या बहिणीचं होतं, तेच पोरीवर कोसळलं..." कंकूनं कपाळावर हात मारून घेतला.

ठोकळे लिंबाखाली आले. टाचा इथेही हलत होत्या, पण हात चालले. पंधरा आले, पुढचंही बरंच आलं.

"मंद नाही ही," पन्नाबेन म्हणाल्या. "छतावर पहारा देते. सगळं डोकं त्यातच खर्च होतं, पाढ्याला काय उरणार? राजकोट नको. माझ्याकडे आणत जा. बरं वाटायला वेळ लागेल."

कंकूनं शाळेत येऊन हे सांगितलं तेव्हा मास्तर फणकारले, "मग काय, वर्ग उन्हात बसवू?"

"वर्ग राहू द्या आत. एक बाक हलवा," कंकू म्हणाली.

बाक दाराच्या उंबऱ्यावर गेला, अर्धा आत, अर्धा बाहेर. लाछू बाहेरच्या टोकाला बसते. कधी वारा सुटला, खिडकी वाजली, की ताडकन उठून मैदानात जाते. मास्तर खडू हातात धरून थांबतात. तोंडानं कुरकुरतात, पण थांबतात. मग ती येते, आणि पाढा पुढे चालतो.