पाटोद्याकडची बंद गाडी

पाटोद्याकडच्या एका गावात गोठ्यात उभी असलेली गाडी विकायची आहे असं कळलं, म्हणून बघायला गेलो. बंद पडलेल्या मोटारसायकली स्वस्तात घ्यायच्या, चालू करायच्या आणि विकायच्या, हा माझा आष्टीतला धंदा. या गाडीचे दोन्ही टायर बसलेले, सायलेन्सर गंजलेला, किक दगडासारखी घट्ट. सीट मात्र लख्ख पुसलेली.

"ही रोज पुसती," घरचा म्हातारा बायकोकडं न बघता म्हणाला. "पोराची हाय. पोरगं भायेर गेलंय."

गाडी टेम्पोत चढवताना तो हळूच म्हणाला, "चालू झाली तरी हिकडं आणू नका."

"कावून?"

त्यानं टेम्पोचं फळकं लावून घेतलं. बाई दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

पिस्टन जाम होता. प्लगच्या भोकातून तेल सोडलं, मुरू दिलं, रोज थोडं थोडं हलवत गेलो. टाकीतला गंज काढला, कार्बोरेटर साफ केला. एका सकाळी गाडी धडधडून जागी झाली. त्या आवाजानं मला अजूनही पहिल्यासारखाच आनंद होतो. म्हाताऱ्याचं सांगणं विसरून तशीच बाहेर काढली आणि पाटोद्याच्या रस्त्याला लागलो.

चहाच्या टपरीवर थांबलो तर दोघं भाऊ-भाऊ वाटणारे गडी उठून आले. थोरल्यानं नंबर प्लेट अंगठ्यानं पुसून वाचली.

"तो आलाय का?"

"कोण?"

"गाडीवाला."

"मी इकत घेतलीय."

"बरं," तो म्हणाला आणि आष्टीत माझं शेड कुठं आहे ते विचारून घेतलं. माझ्या चहाचे पैसे त्यानंच दिले. मला देऊच दिले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या शेडसमोरच्या लिंबाखाली येऊन बसू लागले. शिवी नाही, धमकी नाही. गिऱ्हाईक आलं की फक्त त्याचा चेहरा निरखायचे. हळूहळू गिऱ्हाईक यायचं कमी झालं.

मी एसटीनं म्हाताऱ्याकडं गेलो. त्यानं आधी दार लोटून घेतलं.

"त्यांची बहीण आमच्या पोरासंगं निघून गेली. दोघं कुठं हायेत, आमाला बी ठाव न्हाई. गाडी दारात हाय म्हंजी तो कवातरी न्यायला येणार, म्हणून ते हितं बसून राहायचे. लई दिवस बसले. म्हणून इकली." मग त्यानं विचारलं, "आता तुमच्याकडं बसत्यात?"

मी मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं आणि लगेच त्यानं नजर खाली वळवली. मला त्याचा राग धरता आला नाही.

परत आलो आणि भर दुपारी, त्या दोघांच्या डोळ्यांदेखत, गाडी खोलली. इंजिन एकाला दिलं, चाकं दुसऱ्याला. सांगाडा भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकला. पाना दोनदा निसटला.

थोरला जवळ आला. "चालू गाडी कावून मोडली बे?"

"गिऱ्हाईक न्हाई."

तो हसला. लिंबाखालून उठून दोघं गेले, ते पुन्हा आले नाहीत.

दिवाळीनंतर अनोळखी नंबरवरून फोन आला. तरुण आवाज. "ती पाटोद्याकडची गाडी हाय का अजून?"

तो म्हाताऱ्याचा पोरगा होता, की त्याचा माझ्याशी काही संबंध आहे का हे चाचपायला त्या दोघांपैकी कुणी, मला ओळखता येईना.

"न्हाई," मी म्हणालो. "खोलून इकली."

पलीकडून लगेच फोन कट झाला. उलट फोन करायची हिंमत मला अजून झालेली नाही.