सिद्राम अँड सन्सचा गेमिंग कॉम्प्युटर

कॉम्प्युटरच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात, धूळ आणि किस्से. धूळ ब्लोअर मारला की उडते. किस्से कुठे जात नाहीत, चहा सांगितला की एकेक बाहेर यायला लागतात.

माझं दुकान सोलापुरात, भवानी पेठेत. दुकानात मी, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत माझे वडील, अप्पा. अप्पांनी सगळी हयात जनावरांच्या बाजारात दलाली केली. आता गुडघे धरलेत, म्हणून माझ्याकडे बसतात आणि कुणी न विचारता सल्ले देतात. मला सगळी गल्ली अक्का म्हणते. पण नवं गिऱ्हाईक आलं की हमखास अप्पांकडे बघून विचारतं, "मालक, गेमिंगचा कॉम्प्युटर बनवायचाय."

अप्पा माझ्याकडे बोट करतात. "मालक तितं बसलाय!"

*

पहिल्यांदा बनवणारे बहुतेक सगळे दिव्यांना भुलतात. एका कॉलेजच्या पोराने असेच रंगीबेरंगी पंखे, काचेचं कॅबिनेट, सगळं थाटामाटात निवडलं. पॉवर सप्लायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "तो कसला पण चालतोय अक्का, आतच असतोय की."

मी म्हटलं, "अरे, सगळ्यांना वीज तोच पुरवतो. वरातीत बँड दणक्यात लावलास आणि पंगतीत भात कमी पडला, तर लोक काय लक्षात ठेवतील?"

त्याने गंभीरपणे विचार केला. "बँडच अक्का! आमच्या काकाच्या लग्नात भात कमी पडला होता. कुणाला आठवत पण न्हाय!"

मी गुपचूप त्याचा एक पंखा कमी केला आणि पॉवर सप्लाय चांगला घातला.

*

पण आमच्या दुकानातले खरे किस्से सिद्रामकाकांचे.

काका मैंदर्गी गावचे. डाळीचे व्यापारी. खांद्यावर टॉवेल, कपाळावर भस्माचे पट्टे, वय साठीच्या आसपास. एके दिवशी काउंटरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "गेम खेळायचा कॉम्प्युटर पायजे. स्वस्तातला, पण चालणारा."

"नातवाला का काका?"

"न्हाय. मला."

अप्पा खुर्चीत सरळ झाले. मी काकांना बसायला स्टूल दिलं.

काकांचा एकुलता एक मुलगा महेश बेंगळुरूत नोकरीला. डाळीच्या दुकानात बसणार नाही म्हणाला, त्यावरून बापलेकांत वाजलं, आणि तो गेला. पुढे भांडण मिटलं, पण भांडणाबरोबर बोलणंही मिटलं. फोनवर काका विचारणार, "जेवलास का?" तो म्हणणार, "जेवलो." काका म्हणणार, "बरं." झालं, फोन काकूंकडे!

मध्ये काका दोन दिवस त्याच्याकडे राहून आले. तिथेही तेच. पण सुट्टीच्या दिवशी महेश कानाला हेडफोन लावून गेम खेळायला बसला आणि मित्रांशी हसत, ओरडत, चिडवत बोलत सुटला. काका दारात उभं राहून ऐकत होते.

"अक्का, माज्या पोराला एवडं बोलता येतंय, हे मला तितं कळलं," काका म्हणाले. "तर त्यो गेम ज्यावर चालतोय ते मशीन मला दे. मी पण जाऊन बसतो त्या पोरांत."

मी सकाळपासून तीन गिऱ्हाइकांवर वैतागले होते. काकांवर वैतागता येईना. उगाच खाली वाकून केबल शोधली.

*

काकांना कुणीतरी सांगितलं होतं की प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. त्यामुळे सगळं बजेट डोक्यात घालायचं, हे ते घरूनच ठरवून आले होते. "डोकं भारीतलं दे. ग्राफिक कार्ड-बिर्ड नको."

"काका, गेममधलं चित्र ते कार्डच काढतं. त्याच्याशिवाय नुसतं डोकं काय करणार? एका बाजूला खिलार बैल जुंपला आणि दुसऱ्या बाजूला शेळी, तर गाडी कशी चालेल?"

कोपऱ्यातून अप्पा म्हणाले, "गोल गोल!"

काका खो खो हसले. मग प्रोसेसर एक पायरी खाली आला, कार्ड एक पायरी वर आलं, आणि जोडी जुळली. ते कार्ड मात्र वापरलेलं घ्यावं लागणार होतं, नवं बजेटमध्ये बसत नव्हतं. काकांनी ते हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिलं, पंख्यावर फुंकर मारली. मला वाटलं आता बैलासारखे दात बघतात!

*

मग भाव ठरवायची वेळ आली. काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढून सवयीने माझ्या हातावर टाकला. जनावरांच्या, धान्याच्या बाजारातली जुनी रीत आहे ही. टॉवेलखाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचा, बाकीच्यांना कळू द्यायचा नाही. पण टॉवेल टाकल्यावर काकांच्या लक्षात आलं की समोर बाईमाणूस आहे. बिचारे कानापर्यंत लाल झाले.

"अप्पा, तुमी या की," ते म्हणाले.

कित्येक वर्षांनी अप्पांना कुणीतरी सौद्याला बोलावलं होतं! गुडघे विसरून ताडकन उठले. दोघांचे हात टॉवेलखाली गेले. एकाने मान हलवली, दुसऱ्याने डोळे वटारले, पुन्हा बोटं धरली. विषय ग्राफिक कार्डाचा, पण दोघांच्या चेहऱ्यावर खोंड विकत असल्याचा थाट. शेवटी अप्पा म्हणाले, "ठरलं!"

"कितीला?" मी विचारलं.

"असं चारचौघात बोलायचं नसतंय."

काका गेल्यावर मी अप्पांना गाठलं. त्यांनी भाव सांगितला आणि मी कपाळाला हात लावला. "अप्पा, तेवढ्याला तर मी ते कार्ड विकत घेतलंय!"

"मग?" अप्पा शांतपणे म्हणाले. "तोटा कुटं झाला?"

*

कॉम्प्युटर जोडायला मी रविवारी मैंदर्गीला गेले. पुढे डाळीचं दुकान, मागे घर. गेममध्ये खेळणाऱ्याला एक नाव घ्यावं लागतं, ते त्याच्या डोक्यावर दिसत राहतं. पोरं वाघ, वादळ, असली नावं घेतात. मी काकांना विचारलं, "नाव काय टाकू?"

काकांनी दुकानाच्या पाटीकडे बोट केलं. "हाय ते टाक."

पाटीवर होतं, सिद्राम अँड सन्स. महेशच्या जन्मानंतर हौसेने रंगवलेली. मी तेच टाकलं. काका महेशला काही न सांगता, त्याच्या एका मित्राच्या मदतीने त्यांच्या टोळीत शिरले. हेडफोन काकांच्या कानाला मोठा होत होता, म्हणून मी स्पीकर लावला होता. तिकडे चार पोरांचा कालवा चालू होता. पडद्यावर ते नाव दिसलं तसा तो एकदम थांबला.

"बाबा?" महेशचा आवाज आला.

काका माईकमध्ये तोंड घालून, शेजारच्या शेतातल्या माणसाला हाक मारावी तसे ओरडले, "जेवलास का?"

पलीकडून महेशचे तिन्ही मित्र एका सुरात ओरडले, "जेवलो काका!" त्यातलं एक कानडी पोरगं मागून आपल्या भाषेत तेच म्हणालं, "ऊटा आयतु, अंकल!"

महेश हसायला लागला. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला. मला बसची घाई होती, पण मी बसून राहिले.

*

आठवड्याभरात काकांचा घाबराघुबरा फोन. "अक्का, मशीन मेलं! पोरगं बोलत असताना मधीच बंद पडतंय. त्याला वाटंल मीच फोन आपटल्यावानी उठून जातोय!"

मी पुन्हा मैंदर्गीला. सप्लाय बघायचा, कार्ड बघायचं, असं ठरवूनच गेले होते. खोलीत शिरते तर कॅबिनेटवर सोलापुरी चादर! नवी कोरी, चारही बाजूंनी नीट खोचलेली.

"काकू, हे काय?"

"डाळीची धूळ लई बसती की," काकू म्हणाल्या. "आन् आत दिवा लागतोय. येणारं-जाणारं बघत उबं ऱ्हातंय. दृष्ट लागंल बया, आता कुटं बोलाय लागलेत दोघं."

आत हवाच जात नव्हती. तापून बंद पडत होतं, दुसरं काही नाही. मी चादर काढली, घडी घालून काकूंच्या हातात दिली. पण त्यांचं तोंड एवढंसं झालं. मग मी म्हटलं, दृष्ट लागू नये म्हणून खाली लिंबू-मिरची बांधा, त्याने तापत नाही. अजून बांधलेली असते.

*

हल्लीच महेशचा फोन आला. "अक्का, बाबांना एक चांगला माऊस द्या, पैसे मी पाठवतो. ते पहिल्या मिनिटातच गोळी खाऊन पडतात हो! या गेममध्ये गडी पडला की दुसऱ्याने जवळ जाऊन, गुडघ्यावर बसून त्याला उठवावं लागतं. माझं सगळं लक्ष तिकडेच. सारखं पळावं लागतं."

काका दुकानात आले. माझ्या दाखवायच्या कॉम्प्युटरवर तोच गेम होता. मी नवा माऊस जोडून दिला, काकांचंच नाव टाकलं आणि म्हटलं, "बघा हातात बसतो का." मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

थोड्या वेळाने अप्पांनी मला हाक मारली. मागे वळून बघते तर काका एका भिंतीआड दबा धरून बसलेले. एक गडी टिपला. दुसरा टिपला. पळाले, वळले, तिसराही गेला. स्वतःला साधा ओरखडा नाही! डावाच्या शेवटी मैदानात एकटे सिद्राम अँड सन्स उभे.

"काका! अहो तुम्हाला तर पक्कं खेळता येतं! मग तिकडे महेशसमोर पहिल्याच मिनिटात कसे पडता?"

काकांनी आधी दाराकडे पाहिलं, मग अप्पांकडे. माऊस सोडून टॉवेलने हात पुसले.

"मी पडलो की पोरगं कुटं बी असू दे," ते हळूच म्हणाले, "हातातलं सगळं टाकून माज्याकडं पळत येतंय."

मग त्यांनी नवा माऊस खोक्यात घातला आणि माझ्याकडे परत दिला. "त्याला सांग, बाबांच्या हातात बसला न्हाय."